रिपोर्टातला ‘मेटाप्लेसिया’ आला कुठून?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरातलं कुणीतरी आधी ‘प्लेसिया’ने संपणारा शब्द शोधतं आणि हबकतं. हायपरप्लेसिया, मेटाप्लेसिया, डिस्प्लेसिया. ऐकायला तिन्ही सारखेच भीतीदायक. खरं तर पहिले दोन बहुतेक वेळा एवढंच सांगतात की पेशींवर कसला तरी भार पडतो आहे आणि त्या तो निभावून नेताहेत. तिसरा शब्द सांगतो की निभावणं आता बिघडत चाललं आहे. तिथेही वेळ गेलेली असतेच असं नाही.

आजार म्हणजे आपल्याच पेशींची धडपड, ही कल्पना पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुनी नाही. त्याआधी पाडुआच्या मोर्गान्यी यांनी १७६१ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, सुमारे ७०० शवविच्छेदनांच्या नोंदी छापून आजाराचा पत्ता अवयवात शोधायला शिकवलं. पॅरिसच्या बिशा यांनी तो पत्ता अवयवातल्या ऊतींपर्यंत नेला, तोही सूक्ष्मदर्शकाशिवाय. तरी आजाराचं मूळ शरीरातल्या द्रवांमध्ये आहे हा समज सुटत नव्हता. आपल्याकडे वात-पित्त-कफ होते, तसे ग्रीकांकडे चार रस होते. व्हिएन्नाचे कार्ल रोकिटान्स्की हे त्या काळातले सर्वांत अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे आजारानं शरीरात झालेले बदल तपासणारे डॉक्टर. त्यांनीही १८४६ मध्ये रक्ताचं मिश्रण बिघडल्यामुळे आजार होतात असा सिद्धांत मांडला. बर्लिनच्या पंचविशीतल्या रुडॉल्फ फिरखोनं त्यावर कडाडून टीका केली. रोकिटान्स्कींनी आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीतून तो सिद्धांत काढून टाकला. कालच्या पोराचं ऐकून आपलं लिखाण मागे घेणाऱ्या त्या ज्येष्ठाबद्दल मला फार आदर वाटतो.

फिरखो हा माणूसच वेगळा. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारनं त्याला अप्पर सायलेशिया या प्रांतात टायफस तापाची साथ पाहायला पाठवलं. परत येऊन त्यानं अहवालात भूक, दारिद्र्य आणि राज्यकारभारावर बोट ठेवलं. त्याच वर्षी तो बर्लिनच्या उठावातही उतरला. परिणामी तिथली जागा सोडून व्यूर्त्सबुर्गला जावं लागलं आणि पेशींवरचं त्याचं पायाभूत काम तिथेच पुढे गेलं. प्रत्येक पेशी ही पेशीपासूनच जन्मते, हे सूत्र त्यानं १८५५ मध्ये मांडलं. पेशींचं विभाजन रॉबर्ट रेमाक यांनी त्याआधीच पाहून लिहिलं होतं. त्यांना श्रेय मिळालं ते फार उशिरा, ही या इतिहासातली सलणारी गोष्ट आहे. १८५६ मध्ये फिरखो बर्लिनला परतला आणि १८५८ मध्ये तिथे त्यानं वीस व्याख्यानं दिली. पेशींच्या विकृतिशास्त्राचा पाया तीच.

त्याचं म्हणणं असं होतं की आजार ही बाहेरून आत शिरलेली वेगळी वस्तू नव्हे. बदललेल्या परिस्थितीत चाललेलं तेच जगणं म्हणजे आजार. एकदा हे मान्य केलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: परिस्थिती बदलल्यावर पेशी नेमकं करते काय?

एक तर ती स्वतः मोठी होते, नाहीतर तिची संख्या वाढते. अवयव बाहेरून सुजल्यासारखा मोठा दिसतो, पण आतल्या या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे फिरखोनं ठासून सांगितलं. पहिली हायपरट्रॉफी, दुसरी हायपरप्लेसिया. प्रौढ हृदयाच्या स्नायुपेशी जवळपास विभाजित होतच नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं रक्तदाब चढलेला राहिला की प्रत्येक पेशी जाड होत जाते आणि साधारण ३०० ग्रॅमचं हृदय ५०० ग्रॅमच्याही पुढे जातं. गरोदरपणात गर्भाशय ६०-७० ग्रॅमवरून किलोभर होतं. तिथे दोन्ही गोष्टी घडतात आणि बाळंतपणानंतर सगळं मागे फिरतं.

भार कमी झाला की उलट घडतं. प्लास्टर काढल्यावर बाहेर येणारा बारीक, सुरकुतलेला पाय ज्यानं पाहिला आहे त्याला अ‍ॅट्रॉफी समजावून सांगावी लागत नाही. पण ते मांस गेलं कुठे, याचं उत्तर विसाव्या शतकापर्यंत मिळालं नव्हतं. क्रिस्तियान द द्यूव यांनी १९६३ मध्ये पेशीनं स्वतःचेच भाग पचवण्याला ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिलं. ऑस्ट्रेलियाचे जॉन केर तेव्हा लंडनमध्ये उंदरांच्या यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिनीची एक फांदी बांधून पाहत होते. रक्त कमी झालेला भाग आकसत गेला, उरलेला वाढला. आकसणाऱ्या भागात सुट्या सुट्या पेशी मुकाट्यानं तुकडे होऊन संपत होत्या आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळत होत्या. ना सूज, ना कसला गोंधळ. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये या मरणाला नाव दिलं अ‍ॅपॉप्टोसिस. हा ग्रीक शब्द त्यांना अ‍ॅबर्डीनच्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी सुचवला होता. अर्थ, झाडावरून पान गळणं.

आता मेटाप्लेसिया. श्वासनळीच्या आतल्या भिंतीला उंच, उभ्या पेशींचं अस्तर असतं. त्यांच्या टोकावरचे केस सतत हलून धूळ आणि कफ वर ढकलतात. रोज धूर बसू लागला की हे नाजूक अस्तर जातं आणि त्या जागी चपट्या पेशींचे थरावर थर येतात. जवळपास त्वचेसारखे. चिवट असतात, टिकतात, पण कफ ढकलण्याचं काम करत नाहीत. मग सकाळचा खोकला सुरू होतो. फिरखोनं १८८४ मध्ये या रूपबदलावर स्वतंत्र लेख लिहिला. एक पूर्ण वाढलेली पेशीच दुसऱ्या प्रकारची होते असं त्याला वाटायचं. आता आपण जाणतो की अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळ पेशीच (स्टेम सेल) वेगळ्या वाटेनं वाढू लागतात.

अमेरिकेत ऑस्कर आउअरबाख यांनी मृतांच्या श्वासनळ्यांच्या हजारो स्लाइड तपासल्या. १९६१ मध्ये त्यांनी दाखवलं की सिगारेटी जितक्या जास्त, तितके अस्तरातले बदल आणि डिस्प्लेसियाची खूण असलेल्या वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी जास्त. पुढच्याच वर्षी त्यांनी सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनळ्यांवर लिहिलं. त्यांच्यात असे बदल कितीतरी कमी होते. मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान हेच वाटतं.

आपल्याकडे याच प्रश्नावर काम झालं ते मुंबईत. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. माणसाच्या सवयी आणि त्याचा कॅन्सर यांचा संबंध ते शोधत होते. १९४५ मध्ये डॉ. सूर्याबाईंबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी धोतराच्या कॅन्सरचं वर्णन केलं: कमरेला रोज तिथेच घट्ट आवळलेलं कापड, तिथेच काचणारी कातडी, आणि वर्षांनंतर तिथेच उठलेली गाठ.

सुपारीची गोष्ट त्यानंतरची. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला घट्टपणा नोंदवला. १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात आणि वरचं अस्तर पातळ होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी मावा आणि खर्ऱ्यातून तोंडात जातेच.

तंबाखू लावायच्या जागी गालावर उठलेला पांढरा चट्टा तंबाखू सोडल्यावर कित्येकांचा विरतो. साचलेले तंतू तसे विरत नाहीत. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं एकावर एक उभी मावतात. ज्याच्या तोंडात जेमतेम एकच शिरतं, त्यानं आज सुपारी सोडली तर आजाराची पुढची वाट अडू शकते, पण जबडा पूर्वीसारखा उघडत नाही.