लॅक्स्टन

इंग्लंडच्या नॉटिंगमशर परगण्यातील टक्सफर्डजवळचे एक जुने खेडे. बिनकुंपणाच्या शिवारात पट्ट्यापट्ट्यांनी शेती करण्याची मध्ययुगीन पद्धत येथे आजही चालू आहे. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत (इंग्लंडच्या राजाने करवलेली जमीनजुमल्याची नोंद) गावाचा उल्लेख असून उत्तरेला नॉर्मनकालीन मातीच्या गढीचे उंचवटे आहेत.

या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. इतिहासकारांपैकी सीबोम (१८८३) यांनी तिची मुळे रोमन काळापर्यंत नेली; ग्रे (१९१५) यांच्या मते ती अँग्लो-सॅक्सन वसाहतवाल्यांनी आणली. जोन थर्स्क (१९६४) यांनी मात्र वारसांतील वाटण्या आणि सामाईक चराई यांतून ती हळूहळू घडली व बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास पक्की झाली, असे मांडले. पद्धत कोणी तयार स्वरूपात आणली असे मानण्यापेक्षा ती क्रमाने घडली हे मत अधिक पटण्याजोगे आहे. मात्र आज बरेच अभ्यासक तिचा आरंभ थर्स्क यांच्यापेक्षा आधी, साधारण नवव्या ते बाराव्या शतकांदरम्यान, धरतात.

मार्क पिअर्स याने १६३५ मध्ये केलेल्या मोजणीचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टेच नव्हे, तर नांगरणारी व कापणी करणारी माणसेही रेखाटली आहेत. जुने पट्टे अनेकदा किंचित वळणाचे असत. बैलांची लांबलचक जोडणी टोकाला वळवण्यासाठी तशी वाट घ्यावी लागे, असे त्याचे कारण दिले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी लहान पट्टे एकत्र करून त्यांची संख्या घटवण्यात आली.

आता तीन मोठी शिवारे उरली आहेत : पश्चिम, मिल आणि दक्षिण. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक, तिसरे पडीक, अशी दरवर्षी आळीपाळी चालते. नोव्हेंबरअखेर गावचे पंच नव्याने गहू पेरलेल्या शिवारात फिरतात. कोणी बांध कोरला आहे का, मधल्या सामाईक गवताळ पट्ट्यांत (त्यांना ‘साइक’ म्हणतात) नांगर घातला आहे का, ते पाहतात आणि हद्दीच्या खुंट्या ठोकतात. पुढच्या आठवड्यात ‘कोर्ट लीट’ ही जुन्या जहागिरीच्या (मॅनरच्या) काळापासूनची न्यायसभा भरते व दोषी शेतकऱ्याला दंड होतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामाईक शिवारे कुंपण घालून वेगळी करण्याच्या संसदेच्या कायद्यांनी इतरत्र अशी शिवारे बहुतेक मोडली. येथे मात्र ती टिकली व त्यांचा कारभार आजही ही सभा पाहते.

१९५२ मध्ये मॅनव्हर्स घराण्याने गावची जमीन कृषी मंत्रालयाला विकली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली व २०२० मध्ये पुन्हा मॅनव्हर्स घराण्याच्या थोर्सबी इस्टेट या जुन्या मालकीत परतली.