बाथरूमचं सिलिकॉन रिसीव्हरला नको

रिमोटची गाडी किंवा बोट वॉटरप्रूफ करायचीय? ‘हार्डवेअरच्या दुकानातली सिलिकॉनची ट्यूब आण आणि रिसीव्हरच्या (रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या) बोर्डावर थापून टाक,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो ना? ते ॲसिटिक ॲसिडच असतं. असं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं आणि सुकताना हे ॲसिड सोडतं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. तसंच हे ॲसिड तांब्याच्या तारा आणि पिनांना खातं. शिवाय थर बाहेरून आत सुकत जातो. जाड थापला तर आतलं ॲसिड कित्येक दिवस बोर्डालाच चिकटून राहतं. मग गाडी बिघडली की दोष पाण्याला!

बोर्डासाठी कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे सर्किटवर बसणारा पातळ संरक्षक लेप घ्या. बहुतेकांत असा रंग असतो, जो अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली चमकतो. सुटलेली जागा लगेच दिसते. कनेक्टरच्या पिना आणि बटणं मात्र आधी चिकटपट्टीने झाका, नाहीतर संपर्कच तुटेल. फट बुजवायला सिलिकॉन हवंच असेल, तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचं, ‘न्यूट्रल क्युअर’ (म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं) लिहिलेलं घ्या.

आणि हो, ब्रशलेस मोटारला कोटिंग लागत नाही. तिच्या तारांच्या वेटोळ्यांवर मुळातच इनॅमलचा विद्युतरोधक थर असतो. गंजतात ती बेअरिंग्ज. त्यांना तेल द्या.