एक ग्रॅम कोळशातले दहा गुंठे

नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय, म्हणजे बारीक छिद्रांनी भरलेल्या, कोळशाचं पृष्ठफळ ग्रॅममागे १००० चौरस मीटर असतं, असं सर्रास सांगितलं जातं. म्हणजे चमचाभर भुकटीत जवळजवळ दहा गुंठे. हा आकडा येतो कुठून? ही जमीन साखळीने नव्हे, नायट्रोजनच्या रेणूंनी मोजतात.

स्पंज पाणी पोटात घेतो, ते शोषण. कोळशाच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू नुसते येऊन बसतात, ते अधिशोषण. इथे रासायनिक बंध जुळत नाही; असते ती व्हॅन डर वाल्स बलांची हलकी ओढ. ती मोलमागे १५ किलोज्यूल धरली, तर साध्या तापमानाला रेणू सेकंदाचा काही अब्जांशसुद्धा टिकत नाही, त्याच्याही शंभराव्या हिश्शात उडतो. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये कोळशाची नळी बुडवली की तोच रेणू मिलिसेकंदभर बसून राहतो, कोट्यवधी पट जास्त. म्हणून मोजणी थंडीत.

आधी कोळसा निर्वातात २००–३०० अंशांवर काही तास तापवून त्यावरची वाफ आणि हवा हाकलतात. वजन त्यानंतरचं धरायचं. दमट कोळशात दहा टक्के पाणी असेल आणि वजन आधीचं घेतलं, तर ग्रॅममागचं उत्तर तेवढंच कमी येतं. मग नळीतली रिकामी जागा हीलियमने मोजतात आणि नायट्रोजन थोडा थोडा, मोजून सोडतात. रिकाम्या जागेत दाबानुसार जेवढा वायू असायला हवा, त्याहून जितका जास्त सोडावा लागला तितका कोळशावर बसला. मोजणी चालू असताना द्रव नायट्रोजनची पातळी खाली गेली, की नळीचा थंड भाग आखडतो आणि हा हिशेबच चुकतो.

खरी अडचण पुढे आहे. पहिला थर पुरता भरण्याआधीच त्यावर दुसरा चढू लागतो. लँगम्यूरच्या १९१८च्या सिद्धांतात थर एकच होता. ब्रुनावर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ साली वाट काढली: पहिल्या थराची ओढ वेगळी धरायची, वरच्या सगळ्या थरांची द्रव होताना असते तेवढीच. या गृहीतकातून सापेक्ष दाबाच्या (म्हणजे त्या तापमानाला वायू द्रव होतो त्या दाबाच्या तुलनेत) ०.०५ ते ०.३० या पट्ट्यात आलेखावर एक सरळ रेषा मिळते. तिचा उतार आणि अक्षावरचा छेद यांची बेरीज करून व्यस्त घेतला, की एका थराला लागणारा वायू कळतो. नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असं धरतात. त्या हिशेबाने ० अंश आणि एक वातावरण दाबाला मोजलेला १ घन सेंटिमीटर वायू ४.३५ चौरस मीटर झाकतो. २३० घन सेंटिमीटर लागले, की झाले दहा गुंठे.

‘नकारात्मक ऊर्जा खेचणारा’ म्हणूनही हा कोळसा पिशव्यांत भरून विकला जातो. ते साफ खोटं आहे. कोळशावर बसतात ते रेणू, आणि तेही सगळे सारखे नाहीत: कार्बन मोनॉक्साइड तो साध्या तापमानाला जवळपास धरतच नाही, त्यामुळे बंद खोलीतल्या शेगडीच्या धुरावर कोळशाची पिशवी हा उपाय नव्हे. पिशवी उन्हात ठेवली की हलके रेणू सुटतात, वासाचे जड रेणू तसेच राहतात. कारखान्यात कोळसा पुन्हा ताजा करायला वाफेत ८०० अंशांच्या वर तापवावा लागतो.

करवंटीच्या कोळशात तर मोजणीच अवघड होते. त्याची बहुतेक छिद्रं दोन नॅनोमीटरहून अरुंद. समोरासमोरच्या भिंती रेणूला दोन्हीकडून ओढतात, त्यामुळे थर बसण्याऐवजी छिद्र गच्च भरतं आणि भिंतीला न टेकलेले रेणूही जमिनीत मोजले जातात. अशा वेळी रेषा ०.०५च्याही खालच्या दाबांवर काढावी लागते. शिवाय नायट्रोजनचा रेणू पृष्ठभागावरच्या ध्रुवीय (विद्युतभार असमान वाटलेल्या) जागांना जास्त चिकटतो. म्हणून अशा बारीक छिद्रांसाठी आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५मध्ये ८७ केल्विनला (उणे १८६ अंशांना) आर्गॉन वापरण्याची शिफारस केली.