बेने इस्राएलांचे प्रत्यावर्तन

कोकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाचे १९४८ नंतर इस्राएलला झालेले स्थलांतर आणि त्यांपैकी काही जणांचे १९५२ मध्ये स्वेच्छेने भारतात परतणे, या दोहोंचा विचार येथे केला आहे. छळामुळे देश सोडलेल्यांनी भीतीचे कारण सरल्यावर, कोणाच्याही दडपणाविना मायदेशी जाणे म्हणजे निर्वासितांचे स्वेच्छा-प्रत्यावर्तन. अशा परतणीस साहाय्य करण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे १९५० पासून आहे. बेने इस्राएल या चौकटीत काटेकोरपणे बसत नाहीत. भारत सोडताना ते निर्वासित नव्हते. त्यांची स्वतःविषयीची परंपरा मात्र निर्वासितांचीच आहे. त्यामुळे ‘मायदेश’ कोणता, हा प्रश्न मूळ कोणते या वादाशी जोडला गेला.

परंपरेनुसार चौल बंदराकडे येणारे एक जहाज अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते नवगावला पुरली, असे सांगतात. हे लोक ज्यूडियातून (ज्यूंच्या प्राचीन भूमीतून) केव्हा निघाले याविषयी मतभेद आहेत. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर (लेखन १८९७, प्रकाशन १९३७) यांच्या मते ते सिरियाचा ग्रीक राजा अँटायोकस एपिफॅनीझ याने केलेल्या छळामुळे, म्हणजे इ. स. पू. सु. १७५ च्या सुमारास निघाले. काहींनी त्यांचा संबंध इस्राएलच्या (ॲसिरियनांनी हद्दपार केलेल्या) ‘हरवलेल्या दहा टोळ्यां’शी लावला, तर काहींनी रोमनांनी इ. स. ७० मध्ये केलेल्या जेरूसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाशी. ते येमेन किंवा इराणी आखाताकडून बऱ्याच उशिरा, इ. स. पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास आले असावेत, असेही एक मत आहे. चौदा जणांची कथा चित्पावनांच्या चौदा प्रेतांच्या (परशुरामाने किनाऱ्यावरील चौदा प्रेते जिवंत केल्याच्या) कथेशी इतकी जुळते की, किनाऱ्यावरील एकाच कथाबीजाची ही दोन रूपे असण्याचा संभव नाकारता येत नाही. मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीझच्या सु. १२०० च्या पत्रात शब्बाथ (शनिवारचा विश्रांतिदिन) व सुंता एवढेच पाळणाऱ्या भारतातील ज्यूंचा उल्लेख आहे, पण तो याच समाजाचा असे खात्रीने म्हणता येत नाही. निःसंदिग्ध लेखी उल्लेख अठराव्या शतकातले आहेत. समाजाला हिब्रू प्रार्थना शिकविणारा दाविद राहबी परंपरेने सु. इ. स. १००० चा मानला जातो. तो कोचीनच्या राहबी घराण्यातील अठराव्या शतकातील पुरुष असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. २०१६ मधील एका जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतील ज्यू व स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश आढळला. हा संकर सु. ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीचा असल्याचा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यावरून आगमनाचा काळ मात्र ठरत नाही.

तेल गाळण्याचा धंदा करणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ ठरले. किहीम, पेण, नवगाव, दिवे या गावांवरून केहीमकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर ही आडनावे पडली.

इस्राएलच्या स्थापनेच्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या सु. २०,००० होती. पुढील दोन दशकांत बहुसंख्य लोक गेले. छळाचे कारण येथे नव्हते. धर्मभावना आणि ज्यूंना इस्राएलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क देणारा १९५० चा परतीचा कायदा ही कारणे सामान्यतः दिली जातात. इस्राएलमधील वसाहतींतील हलकी कामे, रंगावरून होणारा भेदभाव आणि घरांची अडचण यांमुळे १९५१ मध्ये बीरशेबा येथील काहींनी तेल अवीवला ज्यू एजन्सीपुढे (स्थलांतरितांना आणून वसविणाऱ्या संस्थेपुढे) धरणे धरले व भारतात परत पाठविण्याची मागणी केली. १९५२ मध्ये एजन्सीने शंभर ते दीडशे जणांना विमानाने मुंबईस पाठविले (आकडे एकसारखे मिळत नाहीत). त्यांपैकी बहुतेकांनी पुढे पुन्हा इस्राएलला जाऊ देण्याची विनंती केली व ते गेलेही. पहिली परतणी पूर्वजांच्या भूमीकडे आणि दुसरी जन्मभूमीकडे धरली, तर या तिसऱ्या प्रवासाला कोणते नाव द्यावे, हे निर्वासितविषयक कायद्याच्या परिभाषेत बसवणे अवघड आहे.

१९६१-६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी (धर्मगुरू) मंडळाने, ज्यू असणे आईकडून ठरत असल्याने, या समाजातील विवाहेच्छूंच्या मातृवंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले, तेव्हा मूळचा वाद पुन्हा उभा राहिला. तीव्र निदर्शनांनंतर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. निर्देशातील समाजाचे नावही पुढे वगळण्यात आले.

अलिबाग, रेवदंडा, पेण व पनवेल येथील सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळे) एकोणिसाव्या शतकातील आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्राएलमधील अनेक कुटुंबे नवसाचा मलिदा (पोहे व फळांचा नैवेद्य) करण्यासाठी अलिबाग परिसरात येतात. ही परतणी नव्हे. २००५ पासूनच्या परदेशस्थ भारतीय नागरिक नोंदणीमुळे पात्र व्यक्तींना येथे मुदतीविना राहता येते. मतदानाचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही.