पीपीटी करणाऱ्या एआयला स्लाइड दिसते का?

परवा एका शिक्षक मित्राचा फोन आला. "एआयकडून बारा स्लाइडची पीपीटी करून घेतली. पण त्याने पॉवरपॉइंट उघडलं कधी? पडद्यावर तर काहीच हललं नाही!"

एआय आपल्यासारखंच पॉवरपॉइंट उघडून काम करतं, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. भाषा-मॉडेलला फक्त मजकूर लिहिता येतो, म्हणून त्याच्या हाताशी अवजारं दिली जातात: 'स्लाइड जोड', 'चौकट टाक', 'तक्ता काढ'. कोणतं अवजार वापरायचं आणि त्याला कोणते आकडे द्यायचे, एवढंच मॉडेल ठरलेल्या साच्यात लिहितं. प्रत्यक्ष काम शेजारचा साधा प्रोग्राम करतो आणि काय झालं ते मॉडेलला कळवतो. ते वाचून मॉडेल पुढची पायरी ठरवतं. अशा फेऱ्या स्वतःहून मारणारा तो एजंट.

पॉवरपॉइंट उघडावं लागत नाही, कारण पीपीटीएक्स फाइल (पीपीटी ज्या रूपात साठवली जाते ती) म्हणजे मुळात एक झिप गठ्ठा, अनेक फाइली एकत्र दाबून बांधलेला, आहे. फाइलची एक प्रत काढा, नावाच्या शेवटी '.zip' लिहा आणि उघडून बघा. आत प्रत्येक स्लाइडची वेगळी एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुराची फाइल, दिसेल. २००६ पासून ही रचना जाहीर प्रमाण आहे, त्यामुळे कुठलाही प्रोग्राम ती लिहू शकतो. यातलं मोजमाप मला फार आवडतं. एक इंच म्हणजे ९,१४,४०० एकक, एक सेंटिमीटर म्हणजे ३,६०,००० आणि छपाईतला एक पॉइंट १२,७००. तिन्ही पूर्णांक! इंचातून सेंटिमीटरमध्ये जाताना दशांशाची चूक शिरायला जागाच नाही. नेहमीची रुंद स्लाइड १,२१,९२,००० बाय ६८,५८,००० एककांची असते.

अडचण पुढे येते. चौकट किती रुंद आणि अक्षर किती मोठं, हे फाइलमध्ये असतं. ओळ कुठे तुटेल हे मात्र नसतं. ते फाइल उघडणारं सॉफ्टवेअर त्या क्षणी ठरवतं. मराठीत हे आणखी अवघड होतं. 'राष्ट्रीयत्व' या शब्दात युनिकोडची (संगणकावर लिप्या साठवायच्या प्रमाण पद्धतीची) १२ चिन्हं आहेत, पण आपल्याला अक्षरं दिसतात चारच. जोडाक्षराची रुंदी फाँटवर अवलंबून, म्हणजे चिन्हं मोजून लांबीचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय या फाइलमध्ये रोमन लिपीचा फाँट आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फाँट वेगवेगळ्या जागी नोंदवलेले असतात. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं 'पायथॉन-पीपीटीएक्स' हे लोकप्रिय अवजार फाँटचं नाव दिल्यावर फक्त रोमनची जागा भरतं. मराठी मजकूर आपल्या जुन्याच फाँटमध्ये राहतो.

म्हणून एजंटला डोळेही द्यावे लागतात. लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर खिडकी न उघडता स्लाइडची पीडीएफ करतं, तिचं चित्र काढून मॉडेलला दाखवायचं. शीर्षक चौकटीबाहेर गेलेलं दिसलं की मॉडेल अक्षर लहान करतं आणि पुन्हा बघतं. अर्थात त्या संगणकावर तोच फाँट हवा. नाहीतर बदली फाँटवर सगळं नीट बसलेलं दिसतं आणि शाळेतल्या प्रोजेक्टरवर पसरतं.

'एका क्लिकमध्ये परिपूर्ण सादरीकरण' या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. चित्र बघून चौकट तपासता येते, तक्त्यातला आकडा नव्हे. तो मूळ नोंदीशी ताडूनच बघावा लागतो.

मित्राच्या फाइलमध्ये फाँटची तीच गडबड झाली होती: देवनागरीच्या फाँटची जागा रिकामी. ती भरली आणि सातव्या स्लाइडचं शीर्षक एका ओळीत आलं.