घरी तयार केलेले वाद्य ‘इन्स्पायर-मानक’साठी कसे पाठवावे : पात्रता, नामांकन आणि कागदपत्रे

पीव्हीसी नळीची बासरी, बाटल्यांतील पाण्याची पातळी बदलून केलेले जलतरंग किंवा खोक्यावर तार ताणून केलेले एकतारीसारखे वाद्य शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नेहमीच पाहायला मिळते. हेच वाद्य ‘इन्स्पायर अवॉर्ड-मानक’ योजनेत पाठवायचे असेल, तर ते सुरात वाजणे पुरेसे नाही, कारण या योजनेत निवड मॉडेलची होत नसून विद्यार्थ्याच्या मूळ कल्पनेची होते. केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही योजना मिळून राबवतात.

मान्यताप्राप्त शाळेतील विद्यार्थी यासाठी पात्र असतात, मग ती शाळा जिल्हा परिषदेची असो, अनुदानित असो वा खासगी. माध्यम आणि शिक्षण मंडळ यांचीही अट नाही. पूर्वी ही योजना इयत्ता सहावी ते दहावीपुरती होती. २०२४-२५ पासून अकरावी-बारावीचाही तिच्यात समावेश झाला असून वयोमर्यादा १० ते १७ वर्षे आहे. कल्पना एकट्या विद्यार्थ्याच्या नावावर जाते, त्यामुळे दोन मित्रांनी मिळून वाद्य केले असेल, तर नामांकन कोणाच्या नावाने जाणार हे आधीच ठरवलेले बरे.

विद्यार्थी किंवा पालक थेट अर्ज करू शकत नाहीत. नामांकन शाळाच करते. त्यासाठी शाळेला योजनेच्या अधिकृत पोर्टलवर एकदाच नोंदणी करावी लागते आणि जिल्हास्तरीय अधिकाऱ्याने ती मंजूर केल्यावर शाळेचे खाते सुरू होते. नोंदणी जुनी असेल आणि ती करणाऱ्या शिक्षकांची बदली झाली असेल, तर पासवर्ड कोणाकडे आहे याचा शोध शेवटच्या आठवड्यात सुरू होतो. मुख्याध्यापकांनी तो जूनमध्येच लावावा. एका शाळेला जास्तीत जास्त पाच कल्पना पाठवता येतात, म्हणून शाळेत आधी अंतर्गत निवड होणे अपेक्षित आहे. अंतिम तारीख बहुधा सप्टेंबरमध्ये येते, परंतु त्या-त्या वर्षाची तारीख पोर्टलवरच पाहावी.

नामांकनाच्या वेळी विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, जन्मतारीख, पालकांचे नाव, प्रवर्ग आणि बँक खात्याचा तपशील भरावा लागतो. त्यामुळे आधार कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद या तिन्हींवरील नाव अक्षरशः जुळते का, हे वर्गशिक्षकांनी तपासून घ्यावे. पासबुकावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, अशी तफावत आपल्याकडे फार सापडते. निवड झाल्यास १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. शिष्यवृत्तीसाठी उघडलेले आणि नंतर व्यवहाराअभावी निष्क्रिय झालेले खाते दिले, तर ही रक्कम अडकते.

यानंतरचा कागद म्हणजे कल्पनेचा सारांश, आणि सगळी मदार त्यावरच असते. परीक्षण नावीन्य, सामाजिक उपयोग, पर्यावरणपूरकता, वापरण्यातील सुलभता आणि उपलब्ध साधनांपेक्षा सरसपणा या पाच निकषांवर होते. वाद्यामागचे गणितही मांडावे लागते. उदाहरणार्थ, एक टोक बंद असलेल्या नळीतून ४४० हर्ट्झचा स्वर हवा असेल, तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून लांबी सुमारे १९.५ सेंटिमीटर येते आणि नळीची त्रिज्या एक सेंटिमीटर असल्यास उघड्या टोकासाठी त्यातून अंदाजे ०.६ सेंटिमीटर वजा करावे लागतात. लाकडी पट्ट्यांच्या वाद्यात पट्टी दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्के अंतरावर टेकवली, तरच ती मोकळी वाजते. तीच जाडी ठेवून एक सप्तक वरचा स्वर काढायचा तर लांबी निम्मी करून चालत नाही, ती सुमारे ७१ टक्के ठेवावी लागते. हे गणित सारांशात अवश्य असावे. मात्र ते पाठ्यपुस्तकातील आहे आणि निव्वळ त्याच्या बळावर नावीन्याचे गुण मिळत नाहीत.

म्हणून सारांशाची सुरुवात वाद्यापासून न करता गरजेपासून करावी. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचा तुंबा, म्हणजे नाद घुमवणारा खालचा पोकळ गोल भाग, ज्या मोठ्या भोपळ्यापासून होतो, त्याचे पीक पावसापाण्यावर अवलंबून असते. कागदाचा लगदा आणि नारळाचा काथ्या यांचा तुंबा करता येईल का, हा त्या भागातील विद्यार्थ्याला सहज सुचण्याजोगा प्रश्न आहे. फायबरचे तुंबे आधीपासून मिळतात, हे लपवण्यापेक्षा त्यांचा उल्लेख करून आपला तुंबा कोणत्या बाबतीत वेगळा ठरतो, ते लिहावे. तार छेडल्यावर नाद किती सेकंद टिकतो, याची दोन्ही तुंब्यांवरची मोजणी जोडल्यास अधिक चांगले. एका हाताने वाजवता येणारी बासरी किंवा कर्णबधिर मुलांना कंपनांतून ताल कळवणारी पेटी यांचाही असाच विचार करता येईल. इंटरनेटवरून उचललेले ‘टाकाऊतून टिकाऊ’ वाद्य मात्र शाळेने पुढे पाठवूच नये, असे माझे मत आहे, कारण त्यामुळे पाचांपैकी एक जागा वाया जाते.

देशभरातून एक लाख कल्पना निवडण्याचे योजनेचे उद्दिष्ट आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याने मिळालेल्या रकमेतून मॉडेल तयार करून जिल्हास्तरीय प्रदर्शनात मांडायचे असते. तेथून राज्यस्तर आणि पुढे राष्ट्रीय स्तर गाठता येतो, जेथे ६० कल्पना पुरस्कारासाठी निवडल्या जातात. फुंकवाद्य मांडणाऱ्यांनी एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी : हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि स्वर किंचित चढतो, म्हणून नळीला सरकते टोक ठेवून प्रदर्शनाच्या जागीच सूर जुळवावा. खात्यात रक्कम जमा न झाल्यास पालकांनी बँकेत हेलपाटे घालण्याआधी शाळेकडून पोर्टलवरील स्थिती पाहून घ्यावी आणि खात्याच्या तपशिलात चूक आढळल्यास ती दुरुस्त करून देण्याची लेखी विनंती शाळेमार्फत शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे करावी.