चिमुरेंगा : गिटारमधली एम्बिरा

झिम्बाब्वेतल्या शोना भाषेत चिमुरेंगा म्हणजे लढा. १८९६-९७ साली ब्रिटिश वसाहतवादी सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीविरुद्ध झालेल्या उठावाचं हे नाव. पुढे ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या सरकारशी लढणाऱ्या गनिमांनी तेच उचललं आणि १९७०च्या दशकात गायक थॉमस मापफुमो यांच्या गाण्यांनाही तेच चिकटलं. गाणी शोनात, अर्थ आडवळणाने सांगितलेला. तरी १९७९मध्ये सरकारने त्यांना डांबलंच. पण बंड फक्त शब्दांत नव्हतं. ते गिटारच्या आवाजातही होतं.

तो आवाज एम्बिराचा. लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, वाजवायला दोन अंगठे आणि एक तर्जनी. पूर्वजांच्या आत्म्यांना बोलावणाऱ्या ‘बिरा’ विधीत ती रात्रभर वाजते, त्यामुळे मिशनऱ्यांचा तिच्यावर राग होता.

तार छेडली की मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर उमटतात. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचं गणित वेगळं. पट्टी सगळीकडे सारखी असेल, तर तिचा पहिलाच उपस्वर मूळ स्वराच्या ६.२७ पट उंच जातो. असे उंच उपस्वर झटकन विरतात. म्हणून सुरुवातीला ‘टण्’ आणि लगेच मऊ, गोल स्वर. त्यात फळीवर लावलेले शिंपले किंवा बाटल्यांची बुचं झरझरतात. नवख्याला वाटावं, वाद्य बिघडलंय! तंबोऱ्याच्या जवारीवर पोसलेल्या कानाला मात्र ही झरझर मुद्दाम का ठेवली, ते सांगावं लागणार नाही.

जोशुआ दुबे, जोना सिथोले या गिटारवादकांनी हे इलेक्ट्रिक गिटारवर आणलं. तळव्याची कड तारांवर टेकवून त्यांनी लांबणारी गुंज तोडली. उरला तो पट्टीसारखा तुटक, टणक स्वर. ‘होशो’ या खुळखुळ्याचं काम ड्रमच्या झांजांनी केलं.

सगळ्यात गंमत कानाची. दोन एम्बिरावादक एकमेकांच्या फटींत स्वर भरतात. ऐकणाऱ्याचा मेंदू जवळच्या उंचीचे स्वर एकत्र बांधतो, मग ते कुणीही वाजवलेले असोत. त्यातून अशी एखादी धून ऐकू येते, जी दोघांपैकी एकानेही वाजवलेली नसते. नुसत्या नोटेशनवरून हे संगीत कळत नाही, ते यामुळेच.

१९८०मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला. नंतर मापफुमोंनी खऱ्या एम्बिराच बँडमध्ये घेतल्या. १९८९चा त्यांचा ‘करप्शन’ हा अल्बम नव्या सत्ताधाऱ्यांवर होता. पुढे त्यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये बिऱ्हाड हलवलं.